यात्रेची स्मृती आणि तसबिरीची चौकट

व्यापाऱ्याच्या प्रवासाचे हेतू बहुधा दोनच असतात. एक वसुली आणि दुसरा यात्रा. वसुलीचे फलित खातेवहीत उतरते, यात्रेचे फलित मनात उतरते. आणि मनातील ती स्मृती ताजी राहावी म्हणून मनुष्य काही ना काही वस्तू बरोबर घेऊनच परततो. कोणी सम्मेदशिखरजीची वंदना करून येताना पर्वतावरील टोकांचे छायाचित्र आणतो, कोणी पालिताण्याहून शत्रुंजयाचा पट आणतो, कोणी श्रवणबेळगोळहून गोमटेश्वराची मोठी तसबीर आणतो. घरातील मुले आणि सुना सहलीस गेल्या तर पुरीकडील पटचित्र, तंजावरचे सोनेरी चित्र, सावंतवाडीचे गंजिफे, कच्छचे भरतकाम अशा वस्तू घरात येतात. येतात त्या दिवशी सर्व कुटुंब त्यांच्याभोवती गोळा होते. परंतु पुढे काय होते, हा प्रश्न आपण स्वतःस विचारावा. निम्म्या वस्तू कपाटाच्या माथ्यावर गुंडाळीत पडून राहतात. उरलेल्या निम्म्या घाईने कोठेतरी चौकटीत बसवल्या जातात आणि पाच-सहा पावसाळे गेले की त्यांवर पिवळे डाग, बुरशीचे ठिपके आणि कसरीची नक्षी दिसू लागते.

प्रस्तुत लेखात तसबिरी अल्प खर्चात पण टिकाऊ रीतीने कशा कराव्यात, याचा विचार करावयाचा आहे. मालापेक्षा बारदानावर अधिक खर्च करू नये, हे आपणां व्यापाऱ्यांचे जुने सूत्र. परंतु माल सांभाळणाऱ्या बारदानात कसूर करू नये, हेही सूत्र आपलेच. तसबिरीची चौकट हे चित्राचे बारदान होय. गिऱ्हाईक दुकानात जाऊन पाहते ते समोरची सोनेरी पट्टी, आणि पैसेही मोजते ते तिच्यासाठीच. चित्राचे आयुष्य मात्र ठरते ते मागे दडलेल्या, कोणासही न दिसणाऱ्या पुठ्ठ्यावर. शोभेत काटकसर करावी, रक्षणात करू नये, एवढेच या लेखाचे सार आहे.

भिंतीवरील तसबीर कोठून आली

आपल्या पूर्वजांच्या घरी भिंतीवर काचेची तसबीर नव्हती. चित्र असे ते पोथीत, पटावर किंवा मंदिराच्या भिंतीवर. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथील रंगीत चित्रे स्वस्त मिळू लागल्यावर सामान्य गृहस्थाच्या ओसरीवरही काच आणि लाकडी चौकट आली. ज्यांना रविवर्म्याची मूळ चित्रे पाहावयाची असतील त्यांनी वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात किंवा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या औंधच्या संग्रहालयात जावे. छायाचित्रणाची कलाही त्याच सुमारास खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आणि पेढीच्या गादीमागे वडिलांची, आजोबांची तसबीर लावण्याचा प्रघात रूढ झाला.

तथापि कागद सांभाळण्याची विद्या आपल्या समाजास त्याहून फार जुनी आहे. आपल्या ग्रंथभांडारांतील शेकडो वर्षांच्या पोथ्या आज वाचता येतात, त्या काही योगायोगाने नव्हेत. पोथीला वर-खाली लाकडी फळी, भोवती कोरडे सुती वेष्टन, आणि वर्षातून एकदा ती उघडून, झाडून, पुन्हा बांधून ठेवणे, ही शिस्त त्यामागे आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी आणि श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीची ज्ञानपंचमी, या दोन्ही तिथी शास्त्रपूजनाच्या तशाच शास्त्ररक्षणाच्याही आहेत. तसबिरीच्या बाबतीत हीच दृष्टी आपण ठेवली तर पुष्कळ काम सोपे होईल.

चित्राचे चार वैरी

धान्याचा व्यापार करणाऱ्यास हे प्रकरण समजावून सांगावे लागत नाही. गहू साधारण १२ टक्क्यांहून अधिक ओला असला तर तो कणगीत भरू नये, हे आपण जाणतो. भरला तर पोरकिडा आणि बुरशी यांना आमंत्रण दिल्यासारखेच होते. कागदाचेही तसेच आहे. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते. बेळगाव, खानापूर, गोवा या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा त्याहून कितीतरी ओली असते. म्हणून पहिला वैरी ओल.

दुसरा वैरी आम्ल. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या पुठ्ठ्यात कालांतराने आम्ल तयार होते. वर्तमानपत्र चार दिवस उन्हात पडले की पिवळे आणि ठिसूळ होते, ते आपण नित्य पाहतो. तीच क्रिया तसबिरीच्या आत हळूहळू चालते. चित्राच्या पाठीस हलका पुठ्ठा, हार्डबोर्ड किंवा प्लायवूड थेट लागले असेल तर त्यातील आम्ल चित्रात उतरते आणि चित्र तपकिरी पडते. चित्राभोवती स्वस्त कागदी माउंट असेल तर त्याच्या आतल्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ उमटते. ती पुसून जात नाही.

तिसरा वैरी उजेड. संग्रहालयांत कागदावरील जलरंगांची चित्रे व जुनी वस्त्रे यांवर ५० लक्सपर्यंतच उजेड पडू देतात; आपल्या दिवाणखान्यातील नेहमीच्या दिव्यांहूनही तो मंद असतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर ऊन पडत असेल तर तेथे कितीही भारी काच लावली तरी रंग उडणारच.

चौथा वैरी कीड. कसर, झुरळ आणि वाळवी. परंतु हा वैरी स्वतंत्र नव्हे. तो पहिल्या वैऱ्याच्या, म्हणजे ओलीच्या, पाठोपाठ येतो आणि फटीतून आत शिरतो. याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

माझ्या परिचयाच्या एका पेढीवर १९६७ सालच्या श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकास गेलेल्या मंडळींचे सामुदायिक छायाचित्र होते. त्यात मालकांचे आजोबा होते आणि आजोबांचे दुसरे छायाचित्र घरात नव्हते. करणाऱ्याने काच थेट छायाचित्रावर ठेवली होती व मागे नुसती फळी ठोकली होती. एका पावसाळ्यात भिंतीस ओल आली, छायाचित्राचा वरचा थर ओलसर होऊन काचेस चिकटला, आणि कोणीतरी साफसफाईच्या उत्साहात ते ओढून काढले. कागद हाती आला. चेहरे काचेवर राहिले. काच आणि छायाचित्र यांच्यामध्ये माउंटची चार बोटे रुंद कड असती तर ते छायाचित्र आजही नातवंडांना पाहता आले असते. ज्यांच्या घरी असे चिकटलेले छायाचित्र असेल त्यांनी काच सोडवण्याचा हट्ट धरू नये. प्रथम काचेवरूनच, चांगल्या उजेडात, त्याची प्रत काढून घ्यावी.

काय चौकटीत घालावे

सर्वच वस्तू भिंतीवर टांगण्याच्या नसतात, हे ओळखण्यात पहिली बचत आहे. वस्तूंचे तीन वर्ग करावेत. ज्या पुन्हा मिळणार नाहीत, जसे पूर्वजांचे छायाचित्र, तपाचे सन्मानपत्र, हाताने रंगवलेले जुने चित्र, त्यांवर खर्च करावा. ज्या पुन्हा विकत मिळू शकतात, जसे छापील चित्र, त्यांना साधी तयार चौकट पुरे. ज्या वस्तूंचा स्वभावच गुंडाळून ठेवण्याचा आहे, त्यांना चौकटीत कोंडू नये. संघातर्फे आचार्यांना चातुर्मासाचे निमंत्रण देण्यासाठी पूर्वी चित्रमय विज्ञप्तिपत्रे लिहीत. आग्र्याच्या संघाचे १६१० सालचे विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. अशी लांब पत्रे गुंडाळीच्या रूपानेच टिकली. आपल्या घरचा लांब पट असेल तर तोही जाड नळीवर सैल गुंडाळून, सुती कापडात बांधून ठेवावा आणि कार्तिकी पौर्णिमेस शत्रुंजयाच्या पटदर्शनासाठी बाहेर काढावा, हे अधिक योग्य.

ज्या वस्तूंची किंमत अल्प पण अर्थ मोठा, त्यांचाही विचार व्हावा. गोमटेश्वराच्या चरणांजवळील मराठी शिलालेख आपल्या भाषेच्या आद्य लेखांत गणला जातो. त्याचे छायाचित्र मराठी जैन घरात अवश्य असावे. त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी, जी रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधविली, तिच्या छतातील दगडी कमळ घरच्या मुलाने टिपलेले असले तरी ते कोणत्याही विकत आणलेल्या चित्रास हार जाणार नाही.

उत्तम तसबिरीचे थर

समोरून मागे जाताना तसबिरीचे थर पुढीलप्रमाणे असावेत. प्रथम काच, साधारण तसबिरीस दोन मिलिमीटर जाडीची स्वच्छ काच पुरते. काचेमागे माउंट, म्हणजे मध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा. तो शोभेसाठी आहे असा समज आहे, परंतु त्याचे खरे काम काच आणि चित्र यांत अंतर राखणे हे आहे. त्यामागे चित्र. चित्रामागे आम्लरहित पुठ्ठा. त्यामागे चौकटीस बळ देणारी पाठ, आणि सर्वांत शेवटी चौकट व पाठ यांमधील फट बंद करणारी कागदी पट्टी.

माउंट आणि चित्रामागचा पुठ्ठा, हे दोनच थर आम्लरहित असले म्हणजे निम्मे काम झाले. दुकानदारास स्पष्ट सांगावे की हे दोन थर आम्लरहित हवेत, मग पाठीस हार्डबोर्ड असला तरी चालेल. असा पुठ्ठा लहान गावी मिळत नसेल तर मोठ्या शहरातील चित्रसाहित्याच्या दुकानातून दहा-वीस ताव एकदम मागवून सभासदांनी वाटून घ्यावेत.

चित्र पुठ्ठ्यावर कसे लावावे, येथे बहुतेकांचे चुकते. संपूर्ण पाठीस गोंद लावून चित्र कायमचे चिकटवणे म्हणजे त्याचा पुढचा मार्ग बंद करणे होय. पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात झिरपतो. योग्य रीत अशी की, पातळ पण चिवट कागदाच्या दोन लहान पट्ट्या चित्राच्या केवळ वरच्या कडेस मागून लावाव्यात आणि त्यांच्या आधारे चित्र लोंबते ठेवावे. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्याला हलण्यास मोकळीक मिळाली म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत.

फुटा-इंचाचा हिशेब

चौकट करणाऱ्याने सांगितलेली रक्कम बरोबर की चूक, हे ताडण्याची विद्या अवघड नाही. समजा, चित्र १२ इंच रुंद व १८ इंच उंच आहे, आणि चोहोबाजूंनी २ इंचांचा माउंट हवा आहे. चौकटीचे माप झाले १६ बाय २२. त्याची परिमिती ७६ इंच. चारही कोपरे ४५ अंशांत कापावे लागत असल्यामुळे, ठोकळ हिशेबाने, पट्टीच्या रुंदीच्या आठपट लांबी आणखी लागते. पट्टी एक इंच रुंद असेल तर ७६ अधिक ८, म्हणजे ८४ इंच, अर्थात ७ फूट. तीच पट्टी दोन इंच रुंद घेतली तर ९२ इंच, म्हणजे ७ फूट ८ इंच. रुंद पट्टीचा दर अधिक आणि लांबीही अधिक, असा दुहेरी भुर्दंड बसतो. काच १६ बाय २२, म्हणजे ३५२ चौरस इंच. अडीच चौरस फुटांस थोडी कमी.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. १२ बाय १८ च्या चित्राची प्रत २४ बाय ३६ करून घेतली तर पट्टी सुमारे दुप्पट लागते, परंतु काच, माउंट आणि पाठ चौपट लागते. दीड चौरस फुटाच्या जागी सहा. वजन वाढते, मोठी काच जाडही घ्यावी लागते. म्हणून मोठ्या आकाराचा मोह आवरावा. लहान चित्रास रुंद माउंट दिला की ते भिंतीवर भारदस्त दिसते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

तिसरी गोष्ट तुकड्यांची. समजा, पट्टीचा नग १० फुटांचा, म्हणजे १२० इंचांचा आहे. वरील तसबिरीस ८४ इंच गेले, उरले ३६. हा तुकडा दुकानात पडून राहतो आणि त्याची किंमत बहुधा आपल्याकडूनच वसूल होते. परंतु ५ बाय ७ इंचांच्या छायाचित्रास २४ अधिक ८, म्हणजे ३२ इंच पट्टी पुरते. तेव्हा मोठ्या तसबिरीबरोबर एक लहान छायाचित्रही नेले तर त्याची पट्टी त्याच नगातून निघते. कापडवाल्याकडे आपण ताग्याचा शेवट मागतो, तसाच हा व्यवहार आहे.

काटकसरीच्या वाटा

यात्रेच्या ठिकाणी चौकटीसह तसबीर घेऊ नये. तेथील चौकट घाईची असते, प्रवासात काच फुटते आणि ओझे वाढते. कागदावरील चित्र दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणावे. कॅनव्हासवरील तैलचित्र आणावयाचे तर रंगाची बाजू बाहेर ठेवून मोठ्या व्यासाच्या नळीवर गुंडाळावे, आत ठेवल्यास रंग दाबून तडकतो.

बाजारात ८ बाय १०, १० बाय १२, १२ बाय १८, १६ बाय २० अशा ठरीव मापांच्या तयार चौकटी मिळतात आणि त्या मागणीप्रमाणे करून घेतलेल्या चौकटीहून पुष्कळ स्वस्त पडतात. आपले चित्र अडनिड्या मापाचे असले तरी माउंटची खिडकी त्या मापाने कापून घेतली म्हणजे ते तयार चौकटीत चपखल बसते. मात्र तयार चौकटीतील हलका पुठ्ठा काढून तेथे आम्लरहित पुठ्ठा घालण्यास विसरू नये.

माळ्यावर पडलेल्या जुन्या सागवानी चौकटी टाकून देऊ नयेत. त्यांतील वाळवी न लागलेल्या चौकटी पुसून, कोपरे पक्के करून घेतले की केवळ आतील पुठ्ठा बदलण्याचा खर्च येतो. हल्ली कृत्रिम द्रव्याच्या पट्ट्याही मिळतात. त्यांना वाळवी लागत नाही व त्या हलक्या असतात, परंतु समई किंवा निरांजन यांच्या जवळ त्या लावू नयेत, उष्णतेने वाकतात.

आठ-दहा कुटुंबांनी मिळून एकाच जातीची पट्टी ठरवावी आणि सर्व काम एकदम द्यावे. घाऊक भाव काय असतो हे आपणास कोणी शिकवावयास नको. दिवाळीपूर्वी व लग्नसराईत चौकट करणाऱ्यास उसंत नसते. त्या वेळी ना भाव नीट मिळतो, ना काम. काम देताना माप, पट्टी, काच, माउंट आणि पुठ्ठ्याची जात लिहिलेली चिठ्ठी करावी व तिची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

पावसाळ्यात मात्र मौल्यवान तसबीर करू नये. त्या दिवसांत कागद हवेतील ओल पिऊन बसलेला असतो आणि चौकट बंद केली की ती ओल आतच कोंडते. ओले धान्य कणगीत भरण्यासारखेच ते आहे. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचे कोरडे दिवस या कामास उत्तम.

आणि ज्या भिंतीवर ऊन येते तेथे मूळ वस्तू लावूच नये. तिची चांगली प्रत काढून ती टांगावी, मूळ वस्तू आम्लरहित कागदात कपाटात ठेवावी. प्रत उडाली तर दुसरी काढता येते.

अहिंसेच्या दृष्टीने

या विषयाची एक बाजू अशी आहे की जिचा विचार इतर गिऱ्हाइके करणार नाहीत, परंतु आपण केला पाहिजे. सुतारकामातील जुना सरस प्राण्यांची हाडे व कातडी शिजवून केलेला असतो. तीर्थंकरांच्या किंवा तीर्थाच्या तसबिरीस तो वापरला जाऊ नये, असे दुकानदारास आधीच सांगावे. चौकटीच्या लाकडी कोपऱ्यांस कृत्रिम पांढरा गोंद चालतो. चित्राच्या पट्ट्यांस मात्र तोही नको, कारण तो पुन्हा सोडवता येत नाही. तेथे गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी. कुरडईच्या चिकात जे सत्त्व असते तेच हे. ते कोरडे मिळते. एक भाग सत्त्व व चार-पाच भाग पाणी मंद आचेवर, पारदर्शक होईपर्यंत शिजवले की खळ तयार होते. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणून जगभरचे जतनकार तिला पसंत करतात. ती त्या-त्या दिवशी ताजी करावी आणि अगदी थोडी लावावी. खळीचे जाड थर कसरीस बोलावतात.

किडीसंबंधी लोक विषारी औषधे सुचवतात. परंतु कीड आल्यावर तिला मारण्यापेक्षा ती येणारच नाही अशी तजवीज करणे, हाच आपला धर्म आणि हाच उत्तम व्यवहारही. चित्र कोरडे असावे, खळ थोडी असावी, मागील फट कागदी पट्टीने पूर्ण बंद असावी आणि तसबीर भिंतीस चिकटलेली नसावी. एवढे केले तर कसरीला आत शिरण्यास वाट राहत नाही आणि वाळवीला पूल मिळत नाही. कोणाही जीवास इजा न करता वस्तू टिकते, याहून अधिक काय हवे?

निरनिराळ्या वस्तूंची निगा

तंजावरच्या चित्रात उठाव, सोनेरी वर्ख आणि खडे असतात. काच त्यांना टेकता कामा नये. तेथे माउंट पुरत नाही, खोल खाचेची पेटीसारखी चौकट लागते. सावंतवाडीचे गंजिफे, नाणी, लहान कोरीव वस्तू यांनाही अशीच पेटी हवी. भरतकाम किंवा कापडी पट गोंदाने चिकटवू नये. धुतलेल्या सुती कापडाने मढवलेल्या पुठ्ठ्यावर तो कडांनी हलके टाके घालून बसवावा. कॅनव्हासवरील तैलचित्रास काच लागत नाही, परंतु त्याची पाठ भिंतीस टेकू देऊ नये. काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा हलका व न फुटणारा खरा, पण त्यावर ओरखडे पडतात; शिवाय पुसताना त्यात विद्युत्भार येऊन तो भुकटीसारखे रंग आपल्याकडे ओढतो, म्हणून कोळशाच्या किंवा खडूच्या चित्रांस तो वर्ज्य. अत्यंत जुन्या व मौल्यवान वस्तूंस मात्र बाजारात हात लावू देऊ नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे केंद्र आहे, तेथील जाणकारांचा सल्ला घ्यावा.

तसबीर टांगताना

गोदामात आपण थप्पी भिंतीपासून दूर आणि फळ्यांवर रचतो, कारण भिंत आणि भुई ओल देतात. तसबिरीच्या मागील खालच्या दोन्ही कोपऱ्यांस बुचाचा किंवा लाकडाचा लहान तुकडा लावला की तीही भिंतीपासून बोटभर सुटी राहते व मागून हवा खेळते. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती टाळून आतील भिंती पसंत कराव्यात. जड तसबीर एका खिळ्यावर न टांगता दोन खिळ्यांवर टांगावी. काच पुसताना पाणी काचेवर न शिंपडता फडक्यास लावावे, अन्यथा ते खालच्या खाचेत उतरते. ओल्या फुलांचे हार आणि उदबत्तीचा धूर तसबिरीस बाधक आहेत; सुक्या चंदनाचा हार बरा. तीर्थंकरांची तसबीर दुकानात करावयास दिली असता ती भुईवर किंवा पालथी ठेवली जाऊ नये, अशी नम्र सूचना अवश्य द्यावी. सांगितले तर कारागीर आनंदाने पाळतात.

एक विनंती

आपल्या पेठेतील बहुतेक जुन्या दुकानांत संस्थापकांच्या तसबिरी आहेत. त्यांतील माणसांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. चित्राच्या पाठीवर नाव, गाव आणि साल लिहिलेले नसेल तर आणखी वीस वर्षांनी ती तसबीर कोणाची, हे सांगणारा कोणी उरणार नाही. म्हणून सभासद बंधुभगिनींना विनंती अशी की, येत्या श्रुतपंचमीस, म्हणजे पावसाळा तोंडावर असताना, घरातील व पेढीवरील प्रत्येक तसबीर एकदा खाली उतरवावी. ओल, फट आणि खिळा पाहावा. चित्रातील मंडळींची नावे वडीलधाऱ्यांना विचारून एका वेगळ्या आम्लरहित चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहावीत व ती चिठ्ठी पाठीवर पट्टीने बंद करण्यापूर्वी आत ठेवावी. ज्यांना दुरुस्तीची गरज दिसेल त्या तसबिरींची यादी करावी, आणि पावसाळा सरल्यावर ज्ञानपंचमीस पुन्हा पाहणी करून सर्वांचे काम एकत्र, घाऊक भावाने, कारागिराकडे द्यावे.

वर्षातून दोन दिवस, दोन आम्लरहित पुठ्ठे आणि वाटीभर खळ, एवढाच हा खर्च आहे. सोनेरी पट्टी ज्याची त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे निवडावी. तिच्यावाचून काही अडत नाही. इति शम्. जय जिनेंद्र.